'परदेशी' खेळाडू ही संज्ञा आणि रशीद मेखलूफी यांची कारकीर्द

'परदेशी क्लबकडून खेळणारा आफ्रिकी फुटबॉलपटू' हा शब्दप्रयोग क्रीडाविषयक लेखनात इतका रूढ झाला आहे की, त्यातील प्रत्येक पदाचा अर्थ स्वयंसिद्ध मानला जातो. खेळाडू एका देशाचा, क्लब दुसऱ्या देशाचा आणि दोहोंच्या मध्ये समुद्र, एवढे सांगितले म्हणजे वर्णन पुरे झाले असा समज असतो. परंतु या प्रयोगातील 'परदेशी' हे पद वाटते तितके सरळ नाही. ते वरकरणी भूगोलाचे दिसते, प्रत्यक्षात मात्र कायद्याच्या भाषेतून आलेले आहे. आणि कायद्याची भाषा पालटली म्हणजे मनुष्य जागचा न हलताही परदेशी ठरतो, किंवा त्याचे परदेशीपण एकाएकी संपुष्टात येते. अल्जीरियाचे रशीद मेखलूफी (१९३६–२०२४) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. भूमध्य समुद्र ओलांडून ते एका फ्रेंच शहरात दोन वेळा खेळावयास आले. शहर तेच, क्लब तोच, जर्सीचा हिरवा रंगही तोच. परंतु पहिल्या वेळी ते कायद्याने स्वदेशातच होते आणि दुसऱ्या वेळी परदेशात. मधली चार वर्षे ते ज्या राष्ट्रासाठी खेळले, ते राष्ट्र त्या वेळी क्रीडासंघटनांच्या दफ्तरी अस्तित्वातच नव्हते.

मराठी वाचकास या अर्थान्तराचे नवल वाटावयाचे कारण नाही. 'देश' या शब्दाचा मराठीतील एक अर्थ घाटमाथ्यावरील मुलूख एवढाच आहे. कोकणातला मनुष्य घाट चढून वर गेला की तो 'देशावर' गेला. 'देशस्थ' या नामातही तोच अर्थ आहे. उत्तर हिंदुस्थानातून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुळांना 'परदेशी' म्हटले गेले आणि त्यांपैकी अनेकांचे ते आडनावच होऊन बसले. या कुळांनी कोणत्याही अर्वाचीन राष्ट्राची सीमा ओलांडलेली नव्हती. ओलांडली ती भाषेची आणि मुलखाची. म्हणजे 'पर' कोठून सुरू होतो, हे बोलणाऱ्यांच्या समाजाने ठरवावयाचे असते. आधुनिक राज्यसंस्थेने हा अधिकार समाजाकडून काढून स्वतःकडे घेतला, आणि पारपत्रावरील नोंद हा त्याचा पुरावा ठरला. मेखलूफी यांच्या बाबतीत समाजाचा 'पर' आणि राज्याचा 'पर' यांचा मेळ कधीच बसला नाही.

फ्रान्सने १८४८ साली अल्जीरियाचे तीन जिल्हे करून ते आपल्याच भूमीचा भाग असल्याचे जाहीर केले. मोरोक्को व ट्युनिशिया ही 'संरक्षित राज्ये' होती. अल्जीरिया मात्र विधिदृष्ट्या फ्रान्सच. १८६५ च्या एका ठरावाने तेथील मुसलमान रहिवाशांना फ्रेंच राष्ट्रीयत्व मिळाले, परंतु नागरिकत्व मिळाले नाही. ते हवे असल्यास विवाह, वारसा इत्यादी विषयांतील आपला धार्मिक कायदा सोडावा लागे. राष्ट्रीयत्व आहे, नागरिकत्व नाही, अशी ही अवस्था दीर्घकाळ टिकली. १९४७ च्या अधिनियमाने नागरिकत्व दिले खरे, परंतु मतदारांचे दोन स्वतंत्र संघ कायम ठेवले. १२० सदस्यांच्या विधानसभेत ६० जागा मुख्यतः युरोपीय वस्तीच्या पहिल्या संघाला आणि उरलेल्या ६० जागा कित्येक पटींनी मोठ्या असलेल्या मुसलमान समाजाला, अशी ती वाटणी होती. याच काळात पोर्तुगालने असाच एक शाब्दिक उपाय योजला. १९५१ साली घटनेत दुरुस्ती करून त्याने 'वसाहत' हा शब्द टाकून 'सागरपार प्रांत' हा शब्द घेतला. मोझांबिकप्रमाणे गोवाही त्या दिवसापासून 'प्रांत' झाला. प्रशासनात यत्किंचितही फरक पडला नाही. लॉरेन्सो मार्किस येथे जन्मलेला युसेबियो १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेत पोर्तुगालकडून खेळून नऊ गोल करतो आणि त्याच्या पोर्तुगीजपणाविषयी कोणतेही कार्यालय शंका घेत नाही, याचे विधिदृष्ट्या कारण हे एवढेच.

अल्जीरियातील फुटबॉलची परिभाषा या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. खेळ नेला फ्रेंचांनी. परंतु १९२० नंतर स्थानिक लोकांनी स्वतःचे क्लब काढले, आणि त्यांच्या नावांत एक विशेषण वारंवार येऊ लागले: 'मुसलमान'. सेतीफ येथील ज्या क्लबातून मेखलूफी पुढे आले, त्याचे नाव 'सेतीफ मुसलमान क्रीडा संघ' असेच होते. येथे धर्मवाचक विशेषण धर्माविषयी फारसे काही सांगत नाही. 'अल्जीरियन' हा शब्द युरोपीय वसाहतकारही स्वतःला लावीत. म्हणून ज्यांना त्यांच्याहून आपले वेगळेपण सांगावयाचे होते, त्यांना दुसरा शब्द हवा होता, आणि शासनाच्या कागदोपत्री रूढ असलेला जो शब्द हाताशी होता तो त्यांनी उचलला. शासनाने जे नाव खालच्या दर्जाचे म्हणून दिले होते, त्याच नावाखाली दर रविवारी हजारो लोक एकत्र जमू लागले. शासनाच्याही हे ध्यानात आले होते. अशा क्लबांत काही युरोपीय खेळाडू असलेच पाहिजेत असा दंडक घालण्यात आला, त्याचा उगम या भीतीतच होता.

सेतीफचे नाव पुढे एका वेगळ्याच कारणाने इतिहासात गेले. ८ मे १९४५ रोजी, जर्मनीच्या शरणागतीचा उत्सव म्हणून निघालेल्या मिरवणुकीत अल्जीरियाचा ध्वज दिसला आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतरच्या दंगलीत सुमारे शंभर युरोपीय मारले गेले, आणि सैन्याने व वसाहतकारांनी घेतलेल्या सूडात हजारो अल्जीरियन. मृतांच्या संख्येविषयी दोन्ही देशांच्या इतिहासकारांत अद्यापि एकमत नाही. मेखलूफी त्या वेळी आठ वर्षांचे होते. त्यांच्या पुढील निर्णयाचे मूळ केवळ या घटनेत शोधणे चरित्रकारांना सोयीचे वाटते. परंतु त्या गावातील सर्वच मुलांनी ते दिवस पाहिले होते आणि त्यांतील बहुतेकांनी पुढे सामान्य आयुष्य काढले, हेही विसरता कामा नये.

१९५४ च्या उन्हाळ्यात, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मेखलूफी सेंत एत्येन येथे आले. हे शहर कोळशाच्या खाणींचे, बंदुकांचे आणि सायकलींच्या कारखान्यांचे. तेथील क्लब एका किराणा व्यवहार करणाऱ्या मोठ्या दुकानसाखळीच्या नोकरवर्गाने सुरू केलेला, आणि क्लबचा हिरवा रंग त्या दुकानांचाच. उत्तर आफ्रिकेतून आलेले मजूर या खाणपट्ट्यात मोठ्या संख्येने राहत असत. मेखलूफी हे त्या मजुरांच्याच वाटेने आले, मात्र त्यांचे काम निराळे होते. प्रशिक्षक झाँ स्नेला यांनी त्यांना आक्रमणाच्या मधल्या फळीत, चेंडू घेऊन इतरांसाठी वाट काढणाऱ्या जागी खेळविले. त्यांच्या खेळात शारीरिक बळापेक्षा चेंडूवरील ताबा आणि इतर खेळाडूंच्या हालचालींचा अंदाज यांना महत्त्व होते. १९५६–५७ च्या हंगामात सेंत एत्येनने फ्रान्सचे अजिंक्यपद पहिल्यांदा मिळविले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. त्याच संघात कॅमेरूनचे उजेन न्जो लेआ होते. ते कायद्याचे विद्यार्थी. त्या काळी फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडू वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत आपल्या क्लबशी करारबद्ध असे, आणि त्याच्या संमतीवाचून त्याला विकता येई. याविरुद्ध १९६१ साली खेळाडूंची जी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत जूस्त फाँतेन यांच्याबरोबर न्जो लेआही होते. आफ्रिकी खेळाडूंनी युरोपीय फुटबॉलला काय दिले, याची यादी करताना गोलच मोजले जातात. ही संघटना त्या यादीत क्वचितच येते.

१९५६ व १९५७ या दोन वर्षांत मेखलूफी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून चार सामने खेळले. सक्तीच्या लष्करी सेवेत असताना फ्रान्सच्या सैनिकी संघातून त्यांनी १९५७ ची सैनिकी संघांची जागतिक स्पर्धाही जिंकली. या काळात ते 'परदेशी खेळाडू' नव्हते. परंतु १ नोव्हेंबर १९५४ पासून अल्जीरियात सशस्त्र लढा सुरू झाला होता, आणि ज्या सैन्याचा गणवेश ते वापरीत होते, तेच सैन्य त्यांच्या गावाच्या आसपास लढत होते.

त्यापूर्वी, लढा सुरू होण्याच्या काही आठवडेच आधी घडलेला एक प्रसंग येथे नोंदविला पाहिजे. सप्टेंबर १९५४ मध्ये अल्जीरियातील ओर्लेआंव्हील हे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. पीडितांच्या साहाय्यार्थ ७ ऑक्टोबर रोजी पॅरिसमध्ये सामना झाला आणि उत्तर आफ्रिकेच्या निवडक खेळाडूंनी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघावर ३–२ असा विजय मिळविला. त्या संघात मोरोक्कोचे वयस्क खेळाडू लारबी बेन बारेक होते. त्यांचा खेळ इतका प्रभावी झाला की, काही दिवसांनी त्यांना पुन्हा फ्रान्सच्याच संघात घेण्यात आले. ज्यांनी फ्रान्सला हरविले त्यांपैकी एकास लगेच फ्रान्ससाठी खेळविण्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. संघाचे नाव 'उत्तर आफ्रिका' होते. ते दिशावाचक असल्यामुळे निरुपद्रवी होते. 'अल्जीरिया' या नावाने संघ उतरविणे त्या वेळी शक्य नव्हते, कारण जिल्ह्यांचा राष्ट्रीय संघ असत नाही.

चार वर्षांनी नेमके तेच घडविण्यात आले. अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने फ्रान्समधील अल्जीरियन व्यावसायिक खेळाडूंशी गुप्तपणे संधान बांधले. हे काम मुख्यतः मोहम्मद बूमझराग यांनी केले. ते स्वतः पूर्वीचे खेळाडू. एप्रिल १९५८ च्या मध्यास, शनिवार-रविवारचे सामने चालू असतानाच, वेगवेगळ्या शहरांतून खेळाडू निघाले. मोनाको येथील मुस्तफा झितूनी हे फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचे भरवशाचे बचावपटू होते, आणि येत्या जून महिन्यात स्वीडनमध्ये होणाऱ्या विश्वचषकासाठी त्यांची निवड जवळजवळ निश्चित होती. मेखलूफीही संभाव्य खेळाडूंत होते. सामन्यात डोक्याला मार लागल्यामुळे मेखलूफी इस्पितळात होते. ल्योंचे अब्देलहमीद करमाली आणि मोख्तार अरिबी त्यांना घेण्यासाठी आले. त्यांपैकी करमाली हे सेतीफचेच. मोटारीने ते स्वित्झर्लंडच्या सीमेवर पोहोचले. रेडिओवर बातमी अद्याप फुटलेली नव्हती, म्हणून सीमा पार झाली. तेथून इटलीमार्गे ते ट्युनिसला गेले. सर्वच जण इतके सुदैवी नव्हते. सीमेवर एका खेळाडूस अटक झाली आणि त्याला तुरुंगवास भोगावा लागला.

एकाच कृतीला येथे तीन निरनिराळी नावे मिळाली. क्लबच्या दृष्टीने तो कराराचा भंग होता. मेखलूफी सैनिकी सेवेत असल्यामुळे राज्याच्या दृष्टीने ते लष्करातून पलायन होते, आणि ऐन लढाईच्या काळात त्याला शिक्षाही कडक होती. मुक्ती आघाडीच्या दृष्टीने ती सेवेत रुजू होण्याची नोंद होती. गंमतीचा भाग असा की, ज्या लढाईतून पलायन केल्याचा हा आरोप, तिला फ्रान्सचे शासन 'युद्ध' म्हणतच नव्हते. सरकारी भाषेत त्या 'अल्जीरियातील घटना' होत्या, 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई' होती. आपल्याच जिल्ह्यांशी युद्ध होऊ शकत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. 'अल्जीरियाचे युद्ध' हा शब्दप्रयोग फ्रान्सच्या कायद्यात अधिकृतपणे आला तो ऑक्टोबर १९९९ मध्ये, म्हणजे ते युद्ध संपून सदतीस वर्षे लोटल्यावर. शब्दाच्या अभावामुळे वस्तूचा अभाव सिद्ध होत नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको. परंतु शब्दाच्या अभावामुळे निवृत्तिवेतने, अभिलेख आणि स्मारके यांची काय अवस्था होते, याचा अभ्यास या उदाहरणावरून करण्यासारखा आहे.

ट्युनिसमध्ये जो संघ उभा राहिला, त्याचे नाव हाच वादाचा विषय होता. अल्जीरियाच्या हंगामी सरकारची घोषणा १९ सप्टेंबर १९५८ रोजी झाली. म्हणजे राष्ट्रीय संघ सरकारहून पाच महिन्यांनी ज्येष्ठ होता. सर्वसाधारण क्रम असा की, आधी राज्य, मग त्याचा क्रीडामहासंघ, मग आंतरराष्ट्रीय मान्यता आणि शेवटी संघ. येथे तो पूर्णतः उलटला. फ्रेंच महासंघाच्या तक्रारीवरून जागतिक महासंघाने, म्हणजे फिफाने, या संघास मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांवर कारवाई करण्याची धमकी दिली. त्यामुळे पूर्व युरोपातील काही देशांनी आपला संघ राष्ट्रीय नावाने न उतरविता शहराचा किंवा कामगारसंघटनांचा म्हणून उतरविला. एका बाजूस राज्य नसलेला राष्ट्रीय संघ आणि दुसऱ्या बाजूस राष्ट्राचे नाव टाळणारा राज्याचा संघ, अशा लढती तेथे झाल्या. अल्जीरियन खेळाडूंचा आग्रह मात्र एकच असे: सामन्यापूर्वी आपला ध्वज उभारला जावा आणि आपले गीत वाजविले जावे. सामना जिंकण्याहून या दोन गोष्टींना ते अधिक महत्त्व देत. कारण गोलांची नोंद कोणी ठेवणार नव्हते, परंतु ध्वज पाहणारे लोक मैदानात प्रत्यक्ष बसलेले होते.

उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व, पूर्व युरोप, सोव्हिएत संघ, आणि १९५९ मध्ये चीन व उत्तर व्हिएतनाम, असा या संघाचा प्रवास झाला. १९६१ मध्ये बेलग्रेड येथे त्यांनी युगोस्लावियावर ६–१ असा विजय मिळविला. आदल्याच वर्षी युगोस्लाविया युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. चार वर्षांत एकूण सामने किती झाले, याचे आकडे मात्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आढळतात. ऐंशीहून अधिक झाले, एवढे निश्चित. या विसंगतीचे कारण खेळाडूंची विस्मृती नाही. नोंद ठेवण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे, तिच्या लेखी हे सामने झालेच नव्हते.

याची किंमत मेखलूफी यांनी काय मोजली, ते सांगावयास हवे. २१ व्या वर्षी त्यांनी स्वीडनचा विश्वचषक सोडला. फ्रान्सने तेथे तिसरा क्रमांक मिळविला, आणि फाँतेन यांनी एकाच स्पर्धेत १३ गोल करण्याचा विक्रम केला. उत्तम व्यावसायिक वेतन सोडून त्यांनी ट्युनिसमध्ये माफक मासिक रक्कम आणि राहावयास घर पत्करले. २१ ते २५ हे वय फुटबॉलपटूच्या आयुष्यात परत येत नाही. या वर्षांत पुष्कळदा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने होत, आणि खेळाला धार राहत नसे. अल्जीरियातील गौरवपर लेखन या झिजेविषयी बोलत नाही. फ्रान्समधील लेखन केवळ तिच्याविषयीच बोलते. दोन्ही लेखने अपुरी आहेत, कारण मेखलूफी यांनी झीज जाणूनबुजून पत्करली होती आणि तरीही ती झीजच होती.

१९६२ च्या मार्चमध्ये एव्हियाँ येथे करार झाला, आणि जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. मेखलूफी प्रथम जिनीव्हा येथील सर्व्हेत क्लबकडे गेले. त्यांचे जुने प्रशिक्षक स्नेला त्या वेळी तेथे होते. पलायनानंतर युरोपात पाऊल ठेवण्यास याहून योग्य भूमी नव्हती: तटस्थ देश, फ्रेंच भाषा आणि ओळखीचा गुरू. वर्ष संपण्याच्या सुमारास ते सेंत एत्येनला परतले. क्लब त्या वेळी द्वितीय श्रेणीत घसरलेला होता. शहरातील कित्येक घरांचे तरुण मुलगे अल्जीरियात लढून आले होते. काही परत आलेच नव्हते. त्यांच्या पुनरागमनाच्या सामन्याविषयी असे सांगतात की, ते मैदानावर आले तेव्हा प्रेक्षागार स्तब्ध होते, आणि चेंडू पहिल्यांदा त्यांच्या पायाशी येऊन त्यांनी एकदोघांना चकविल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे ही कथा दोन राष्ट्रांच्या समेटाचे प्रतीक म्हणून वारंवार सांगण्यात आली. तिच्यावर इतका भार टाकणे अप्रस्तुत वाटते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या त्या उत्तम खेळाला. त्याच वर्षी, त्याच शहरात, खाणीत उतरणाऱ्या अल्जीरियन मजुराच्या वाट्याला तशा टाळ्या आल्याचे कोणी म्हणत नाही. मात्र स्तब्धतेच्या त्या काही क्षणांत 'हा आता आपला की परका' हा प्रश्न हजारो लोकांना एकाच वेळी पडला असावा, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात न पाहता त्यांनी दिले, एवढे मान्य करता येईल.

त्यानंतरची सहा वर्षे त्यांच्या क्लब-कारकीर्दीतील सर्वांत फलदायी होत. १९६३ मध्ये क्लब प्रथम श्रेणीत परतला, आणि १९६४, १९६७ व १९६८ मध्ये त्याने अजिंक्यपद मिळविले. १२ मे १९६८ रोजी फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात सेंत एत्येनने बोर्दोवर २–१ अशी मात केली. दोन्ही गोल मेखलूफी यांचे. पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांच्या बंडाळीने रस्त्यांवर अडथळे उभे राहिले होते, त्याला दोन रात्रीही झाल्या नव्हत्या. अशा दिवशी राष्ट्राध्यक्ष द गोल मैदानात आले आणि त्यांनी विजेत्या संघास चषक दिला. दहा वर्षांपूर्वी, मेखलूफी यांच्या पलायनानंतर काही आठवड्यांतच, अल्जीरियातील पेचप्रसंगामुळे द गोल पुन्हा सत्तेवर आले होते. त्यांच्या हातून चषक घेणारा खेळाडू आता अल्जीरियाचा नागरिक आणि त्या देशाच्या राष्ट्रीय संघाचा सभासद होता. १९५७ साली फ्रेंच असलेला हा मनुष्य १९६८ साली फ्रान्समध्ये परदेशी होता, आणि फ्रान्सच्या चषकाचा मानकरीही.

आकडेवारीचे तक्ते पाहिले असता या कारकीर्दीचे चित्र चमत्कारिक दिसते. फ्रान्सकडून चार सामने. स्वतंत्र अल्जीरियाकडून १९६३ नंतरचे मोजके सामने. सेंत एत्येनसाठी दीडशेच्या आसपास गोल. आणि १९५८ ते १९६२ या स्तंभात रिकामी जागा, किंवा एखादे तळटीपेचे चिन्ह. तक्त्यातील रिकामी जागा साधारणतः दुखापत, बंदी किंवा निवृत्ती दर्शविते. येथे ती खेळाडूच्या आयुष्यातील सर्वाधिक प्रवासाची वर्षे दर्शविते. ज्या शून्याला शून्याहून अन्य अर्थ आहे, अशा शून्याची ओळख व्याकरणाच्या अभ्यासकांना पाणिनीपासून आहे. लोप म्हणजे अदर्शन, अभाव नव्हे. क्रीडाविषयक संख्याशास्त्राला मात्र अद्याप अशी संज्ञा सापडलेली नाही.

निवृत्तीनंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९६८ ते १९७० ही वर्षे त्यांनी कॉर्सिकातील बास्तिया क्लबमध्ये काढली, आणि नंतर ते मायदेशी परतले. ते अल्जीरियाच्या संघाचे प्रशिक्षक असताना १९७५ मध्ये अल्जिएर्स येथील भूमध्यसागरीय क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात अल्जीरियाने फ्रान्सला ३–२ असे हरविले. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीवर २–१ असा अनपेक्षित विजय मिळविला, तेव्हाही ते मार्गदर्शकांत होते. १९८८ मध्ये ते काही काळ अल्जीरियाच्या महासंघाचे अध्यक्ष होते. इस्पितळातून त्यांना घेऊन जाणारे करमाली १९९० मध्ये आफ्रिकी चषक जिंकणाऱ्या अल्जीरियन संघाचे प्रशिक्षक झाले. मेखलूफी यांचे निधन ८ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले.

'परदेशी' या संज्ञेचा दुसरा अर्धा भाग सेंत एत्येनमधीलच दुसऱ्या एका खेळाडूच्या कारकीर्दीत दिसतो. मालीचे सालीफ केइता सप्टेंबर १९६७ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर उतरले. त्यांना घेण्यास कोणी आले नव्हते. त्यांनी टॅक्सी केली आणि सुमारे ५०० किलोमीटर अंतरावरील सेंत एत्येन गाठले. भाडे क्लबने दिले. एक हंगाम ते व मेखलूफी एकत्र खेळले. केइता यांचा जन्म १९४६ साली बामाको येथे झाला, तेव्हा तो प्रदेश फ्रेंच साम्राज्यात होता. १९६० मध्ये माली स्वतंत्र झाला, आणि तेराव्या वर्षी, बामाकोतून कोठेही न जाता, ते फ्रान्सच्या दृष्टीने परदेशी झाले. १९७० मध्ये आफ्रिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस देण्यात येणारा सुवर्णचेंडू प्रथमच देण्यात आला, तो त्यांना. १९७२ मध्ये ते मार्सेय क्लबकडे गेले. तेथे परदेशी खेळाडूंच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. म्हणून क्लबने त्यांना फ्रेंच नागरिकत्व घेण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. मेखलूफी यांना १९५४ मध्ये असे काही विचारण्यात आले नव्हते, कारण विचारण्याची आवश्यकताच नव्हती.

१९७३ साली स्पेनने परदेशी खेळाडूंवरील बंदी उठविली. तोपर्यंत तेथे केवळ स्पॅनिश पूर्वजांचे दाखले दाखविणाऱ्या दक्षिण अमेरिकी खेळाडूंना प्रवेश मिळे. आणि त्या दाखल्यांपैकी सर्वच खरे होते असे नाही. नव्या नियमाने प्रत्येक क्लबला दोन परदेशी खेळाडू घेता येऊ लागले. त्याच वर्षी केइता व्हॅलेन्सियाकडे गेले आणि नोंदणीच्या कागदावर त्यांनी आपले राष्ट्रीयत्व लिहिले ते मालीचे.